कात्री लावायचीच तर करारावर लावा

प्रति,
जर्मनीच्या सोळा राज्यांचे माननीय मुख्यमंत्री
(बर्लिन, हॅम्बुर्ग, ब्रेमेनचे महापौरही यातच आले)

स.न.वि.वि.

या पत्राची जर्मन प्रत आपल्याला स्वतंत्र धाडतो आहे. मराठी प्रत इथल्या आपल्या मंडळींसाठी. शहरात नावनोंदणी केली की काही दिवसांनी ‘रुंडफुंकबायट्राग’चं, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या वर्गणीचं, पत्र येतं. नवी आलेली मुलं ते फसवणूक समजून फेकून देतात, मग विलंब शुल्कासकट मागणी येते. घरात टीव्ही नाही म्हणून सुटका नाही. 2013 पासून ही वर्गणी घरामागे आहे: सध्या महिन्याला 18.36 युरो, तिमाहीला 55.08. एका घरात चौघं राहत असले तरी एकदाच भरायची, हे नव्यांनी ध्यानात ठेवावं. नाव वर्गणीचं, पण गणपतीच्या वर्गणीला निदान तोंडावर नाही म्हणता येतं.

ही सक्ती घटनेत बसते का? बसते, असं कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने 18 जुलै 2018 रोजी सांगितलं. तुम्ही बघता की नाही हा मुद्दाच नाही. बघायची सोय मिळते, तिचा हा मोबदला. फक्त एकाच माणसाकडून दुसऱ्या घरासाठी पुन्हा घेणं न्यायालयाला मान्य झालं नाही. मला निकाल पटतो. बंगल्याला आणि विद्यार्थ्याच्या खोलीला एकच दर, हे मात्र खुपतं.

माझी तक्रार तुमच्याबद्दल आहे. या वर्गणीवर चालणाऱ्या वाहिन्यांनी काय काम करायचं, हे ठरवणारा करार तुमचा. खर्च तपासणारा स्वतंत्र आयोगही तुम्हीच नेमलेला. त्याने वर्गणीचा आकडा सांगितला की मात्र तुम्ही हात वर करता. डिसेंबर 2020 मध्ये 86 सेंटच्या वाढीवरून सॅक्सनी-अनहाल्टचं आघाडी सरकार डळमळलं आणि मुख्यमंत्र्यांनी विधेयकच मागे घेतलं. एका राज्याने अडवलं की सगळ्यांचंच अडतं. पुढच्या वर्षी न्यायालयाने ती वाढ स्वतः लागू केली. एवढं होऊनही आयोगाने जानेवारी 2025 पासून सुचवलेले 18.94 युरो तुम्ही वेळेवर मंजूर केले नाहीत, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये एआरडी-झेडडीएफ या सार्वजनिक वाहिन्या पुन्हा कार्ल्सरूहच्या दारात.

ज्यांना कार्यक्रम एकांगी वाटतात त्यांना लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने 15 ऑक्टोबर 2025 रोजी वाट दाखवली आहे. एकूण कार्यक्रमांत मतांची विविधता दीर्घकाळ आणि ढळढळीत कमी पडली, तर वर्गणीच्या घटनात्मकतेवर प्रश्न येऊ शकतो. वाट अरुंद आहे, ते बरंच आहे.

माझे वडील लायसन्सचं पुस्तक घेऊन पोस्टात जायचे. 1985 मध्ये भारतात रेडिओ-टीव्हीचं लायसन्स रद्द झालं, घरोघरी बरं वाटलं. तेव्हापासून आकाशवाणी आणि दूरदर्शन दिल्लीच्या अर्थसंकल्पाकडे डोळे लावून बसतात. मंत्र्याच्या हातातल्या पैशावर चालणाऱ्या बातम्या मी पुरेशा बघितल्या आहेत.

खर्च जास्त वाटतो ना? मग करारातली कामं कमी करा. कोणती वाहिनी बंद करायची, तिचं नाव घेऊन विधानसभेत बोला. नव्या सुधारणा करारात काही रेडिओ आणि विशेष वाहिन्या कमी करायला तुम्ही सुरुवात केली आहेच. ते आधी करायचं होतं, आकडा अडवण्यापूर्वी. आता आयोगाचा पुढचा अहवाल येईल तेव्हा मतदान वेळेत घ्या.

आपला,
एक वर्गणीदार