मथळ्यातून जमातीचे नाव काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या अंकात 'पारधी टोळी जेरबंद' असा ठळक मथळा होता. त्याच पानावर खाली, पतसंस्थेच्या ठेवी बुडवणाऱ्या संचालकांची बातमी. तिथे 'गैरव्यवहार' असा शब्द होता, संचालकांची जात मात्र कुठेच नव्हती. ती नसावीच. मग वरच्या बातमीत कशासाठी?

इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. आमच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट, म्हणजे अशा जमातींची सक्तीची वसाहत होती, तिथे माणसांची हजेरी लागत असे. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, पण मुंबई राज्यात 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांची नजर पालावरून हटली नाही. नवरा सापडला नाही की बायकोला लेकरासकट ठाण्यात बसवतात, हे पालावरची कोणतीही बाई सांगेल. नाशिकजवळच्या 2003 च्या हत्याकांडात भटक्या जमातीतल्या सहाही मजुरांना 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीच ठोठावली होती. त्याच न्यायालयाने 2019 मध्ये, त्यांना खोटे गोवले म्हणत, सहाही जणांना निर्दोष सोडले. मधली सोळा वर्षे तुरुंगात गेली.

मी पोलिसांना एकटे दोष देत नाही. माझ्या वर्गात एक पारधी मुलगी होती. सहलीचे पैसे हरवले तेव्हा सगळा वर्ग तिच्याकडे वळला, आणि मी पहिले दप्तर तपासले तेही तिचेच. आत फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी, पेन्सिलीचा तुकडा आणि आईने विकायला आणलेल्या मण्यांची एक सर. पैसे माझ्याच हजेरीपटात निघाले. दुसऱ्या दिवशी ती दप्तराशिवाय आली, वह्या छातीशी धरून. मी तिची माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये तुरुंगातल्या कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. तुरुंगाच्या वहीत जे चालत नाही ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर कसे चालते? आपल्या वार्ताहरांना पोलिसांच्या प्रेसनोटमधून जमातीचे नाव जसेच्या तसे न उचलण्याची सूचना द्यावी, ही विनंती. 'घरफोडीप्रकरणी चौघांना अटक' एवढ्यात बातमी पूर्ण होते.

– एक निवृत्त शिक्षिका, बार्शी