इंजिन बंद म्हणजे दगड नव्हे

इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे कोसळते, हा समज शिकल्यासवरल्या लोकांतही घट्ट आहे. प्रत्यक्षात ते तरंगत उतरते. सेसना १७२ सारखे छोटे विमान वारा नसताना एक किलोमीटर उंचीवरून साधारण नऊ किलोमीटर पुढे जाते. अट एकच, वेग राखायचा. घाबरून नाक वर ओढले की वेग जातो आणि पंखांची उचलही.

बारामतीकडे शिकाऊ विमानाचा आवाज मध्येच मंदावला की आम्ही शेतातून माना वर करतो. बहुधा तो सरावच असतो. प्रशिक्षकाने थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढलेला असतो, विद्यार्थी आधी वेग साधतो, मग मोकळे रान हेरतो. (उभा ऊस त्याला नकोच असणार!)

१९८३ मध्ये कॅनडात किलो-पौंडाच्या घोळामुळे हवेतच इंधन संपलेले बोइंग ७६७ कॅप्टन बॉब पिअर्सन यांनी गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. उंची जास्त होती, म्हणून एवढे धूड त्यांनी ग्लायडरसारखे (म्हणजे बिनइंजिनाच्या विमानासारखे) तिरके घसरवत खाली आणले. ते हौसेने ग्लायडर उडवत. आतले सर्व ६९ जण वाचले.

– एक वाचक, बारामती