आधी पातळी जुळव, मग कान लाव

जळगाव

प्रिय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नवा डॅक (डिजिटल गाण्याचा स्पीकरला चालणारा सिग्नल करणारी पेटी) लावल्यापासून तंबोरा मोकळा वाजतो असं तू लिहितोस. येत्या रविवारी अमळनेरला भरीत पार्टीच्या निमित्तानं चौघं बसून दोन डॅक आणि दोन अ‍ॅम्प पारखणार, हे वाचून फार आनंद झाला. पण आवाजाची पातळी जुळवल्याशिवाय एकही गाणं लावू नको.

बरेच डॅक पूर्ण पातळीला 2 व्होल्ट देतात, काही 2.3 देतात. हा फरक 1.2 डेसिबलचा. तेवढ्यानं आवाज वाढला असं कुणी म्हणत नाही. गाणं जवळ आलं, जवारी (तंबोऱ्याच्या तारेची झणकार) उघडली, असंच म्हणतात. तुझा तंबोरा मोकळा झाला तो यामुळे की खरोखर, हे मोजल्याशिवाय कळणार नाही.

200 हर्ट्‌झचा सलग सूर वाजव. स्पीकर जोडलेलाच राहू दे आणि त्याच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लाव. पहिल्या जोडणीवर 1 व्होल्टच्या आसपास आकडा आण, दुसरीवर तोच आण. फरक एक टक्क्याच्या आत, म्हणजे 1.000 ला 1.010 पर्यंत चालेल, तो 0.1 डेसिबलहून कमीच भरतो. डावा-उजवा वेगवेगळा मोज, कारण व्हॉल्यूमचं बटण खाली असताना दोन्ही बाजू सारख्या चालत नाहीत. जो डॅक मोठा वाजतो त्याची पातळी प्लेअरमधून उतरव, फक्त आउटपुट 24 बिटवर ठेव.

मीटर मात्र नीट बघून घे. दुकानात मिळतो त्या स्वस्त पिवळ्या मीटरला एसीच्या 200 आणि 750 अशा दोनच रेंज असतात. त्यावर 1.0 दिसलं म्हणजे आत 0.95 असेल किंवा 1.05. दोन्ही अ‍ॅम्पवर 1.0 दिसूनही जवळपास 0.9 डेसिबलचा घोळ त्यात लपतो, आणि तुमची सगळी दुपार वाया जाते. 2 किंवा 6 व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर आण. सूर 1000 ऐवजी 200 हर्ट्‌झचा सांगितला, कारण साधे मीटर 400 च्या वर भरवशाचे नसतात.

अ‍ॅम्प बदलायला स्विच बसवणार असशील तर दोन अ‍ॅम्पची आउटपुट क्षणभरही एकमेकांना लागता कामा नयेत. मधे ऑफ असलेला स्विच घे आणि प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी त्यातून ने. उणे वायर दोघांना सामाईक ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते. क्लास-डी जातीच्या (स्विचिंगवर चालणाऱ्या) पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये उणे टर्मिनलवरही सिग्नल असतो. ते सामाईक वायरीतून दुसऱ्याच्या ग्राउंडला लागलं की अ‍ॅम्प गेला. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प स्पीकर काढून वाजता ठेवू नको, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. त्याला 8 ओहमचा, पुरेशा वॅटचा रेझिस्टर लावून ठेव.

एकानं नाणं उडवून जोडणी ठरवायची, कागदावर लिहायची आणि ऐकणाऱ्याच्या पाठीमागे गप्प बसायचं. ऐकणारा एका वेळी एकच. रांगेत चौघं बसले तर प्रत्येकाला खर्ज निराळा ऐकू येतो, आणि एकानं मान डोलावली की बाकीचे तिघं त्याच्यामागे जातात. तुकडा 10-15 सेकंदांचाच ठेव, कारण बारीक फरक कान फार वेळ धरून ठेवत नाही. तंबोऱ्याची जवारी, तबल्याच्या चाटेवरची थाप आणि एकट्या बाईचा आवाज, एवढं पुरे. 16 पैकी 12 वेळा बरोबर ओळखलं तर मान्य कर. नुसत्या अंदाजानं तेवढं जमण्याची शक्यता 100 त 4 च.

पातळी जुळल्यावर दोन चांगल्या डॅकमधला फरक बहुधा हातातून निसटतो. त्यानं मन खट्टू करू नको, ते पैसे स्पीकरला लागतील. अ‍ॅम्पचं मात्र वेगळं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा आतला रोध 2 ओहम धर. स्पीकर काही सुरांना 4 तर काहींना 20 ओहम दाखवतो. मग त्या दोन ठिकाणच्या सुरांत जवळपास 2.7 डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे गाण्याचा तोलच बदलतो. हा फरक खरा आहे, आणि तो कुणालाही ओळखता येईल.

हंगाम चांगला निवडलास. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असताना कूलर बंद ठेवून कोण बसेल? आता पंखाही लागत नाही. पण रब्बीचे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, म्हणून मीटर एसीच्या मोठ्या रेंजवर नेऊन अधूनमधून भिंतीच्या सॉकेटवरही धर. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ऐकू नको, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. तुझ्या हॉलमधली फरशी आणि समोरासमोरच्या कोऱ्या भिंती आवाज परतवतात. स्पीकरच्या बाजूच्या भिंतींवर दोन जाड गोधड्या टांग.

आणि ऐकणं जेवणाआधीच उरकून घे. भरीत आणि कळण्याची भाकरी पोटात गेल्यावर 16 फेऱ्या कुणाकडून होणार नाहीत. मीटर मी शनिवारच्या गाडीनं पाठवतो. स्विच तुझ्याकडे आहे का ते लगेच कळव.

तुझा,
मित्र