हत्तीशेजारी लिम्युलसही छापा

संपादक महोदय,

ग्रीनलंडच्या गाळात सापडलेल्या प्राचीन डीएनएवरील आपल्या पुरवणीतला लेख वाचला. विषय घेतलात हे बरे झाले, पण सगळी जागा मास्टोडॉननेच खाल्ली. उत्तर ग्रीनलंडमधील काप कोबेनहाव्न येथील 20 लाख वर्षांपूर्वीच्या डीएनएचे संशोधन डिसेंबर 2022 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून सगळीकडे हेच चालले आहे. हत्तीचा भाऊबंद म्हटला की चित्र झकास येते!

वास्तविक हा गाळ साचला तो समुद्राला मिळणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी. त्यात लिम्युलसचाही डीएनए निघाला. घोड्याच्या नालेसारख्या पाठीचा हा प्राणी. लोक त्याला 'किंग क्रॅब' म्हणतात, पण नाते विंचू-कोळ्यांशी. आमच्या प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनच्या बरणीत तो वर्षानुवर्षे होता, शेपटीचे टोक तुटलेला. परीक्षेत मुले 'जिवंत जीवाश्म' एवढे लिहून मोकळी व्हायची. आज अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर तो मेन राज्याच्या फारसा वर जात नाही. तो 82 अंश उत्तरेला होता, म्हणजे तिथला समुद्र किती उबदार असेल!

समुद्री बर्फाची सलग उपग्रह-नोंद 1979 पासूनची. त्याआधी बर्फ कुठे होता, हे गाळालाच विचारावे लागते. बर्फात वाढणाऱ्या पोलॅरेला ग्लेशियालिससारख्या सूक्ष्मजीवांचे जीवाश्म गाळात टिकत नाहीत, डीएनए मात्र मातीच्या कणांना चिकटून राहतो. तो आढळला की तिथे कधीकाळी बर्फ होता असा अंदाज बांधता येतो. अंदाजच म्हणायचा, कारण प्रवाहाबरोबर गाळ दुसरीकडूनही येतो. शिवाय नमुना हाताळणाऱ्याचा स्वतःचा डीएनए त्यात मिसळण्याची धास्ती असतेच. जुना डीएनए ओळखायची एक खूण म्हणजे तुकड्यांच्या टोकांची झीज: तिथले सायटोसिन हे डीएनएचे अक्षर थायमिन या दुसऱ्या अक्षरासारखे वाचले जाते. लेखात याबद्दल एक ओळ तरी हवी होती.

आर्क्टिक आपल्याला परके नाही. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचे 'हिमाद्री' हे भारताचे केंद्र 2008 पासून आहे, आणि त्याचा कारभार पाहणारी ध्रुवीय संशोधन संस्था गोव्यात, वास्कोला आहे. आपल्या प्रतिनिधीला तिथे एकदा पाठवा. आणि पुढच्या लेखात हत्तीशेजारी लिम्युलसचेही चित्र येऊ द्या, शेपटीसकट.

— एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, सातारा