थर्मोस्टॅट बदलताना सोबत राहिलेल्या काकूंना

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

मिनिॲपोलिसच्या ऐन जानेवारीत आमची हीट मध्येच बंद पडायला लागली, तेव्हा फोनवर तुम्ही पहिलं विचारलंत ते बाळाच्या खोलीचं. थर्मोस्टॅटचं नंतर. आभार मानायला सुरुवात तिथूनच करते.

मग तुम्ही आलात आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्याच हातात दिलात. ब्रेकर बंद झाल्यावर तो जुना गोल थर्मोस्टॅट उघडून आतलं काम समजावलंत. गार पडलं की धातूची गुंडाळी वळते, तिच्यावरची काचेची कुपी कलते, आतला पारा घरंगळून दोन टोकं जोडतो आणि फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, सुरू होते. इथल्याच हनीवेलने १९५३ मध्ये आणलेला हा नमुना. त्याला स्वतःला चालायला वीज लागतच नाही! नव्या वायफायवाल्याला मात्र सतत २४ व्होल्ट हवेत, म्हणून 'सी'ची, म्हणजे वीज परत नेणारी 'कॉमन', जादा वायर लागते, हे तेव्हा कुठे मला उमगलं.

खरा उपकार त्याच्या पुढचा. निळी वायर म्हणजे 'सी', असं मी सगळीकडे वाचलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "रंग सोड, अक्षर वाच." खाली जाऊन फर्नेसचं झाकण काढलं, तर आतल्या सर्किट बोर्डावर निळी वायर 'वाय' अक्षराच्या जोडणीला, म्हणजे एसीला लावलेली. पिवळी दोन्हीकडे मोकळीच गुंडाळून ठेवलेली. तीच आपण खाली बोर्डाच्या 'सी'ला आणि वर नव्या थर्मोस्टॅटच्या 'सी'ला जोडली. उत्तर तुम्हाला झाकण काढताक्षणी दिसलं असणार, पण मला ते सापडेपर्यंत तुम्ही टॉर्च धरून गप्प उभ्या राहिलात. इतक्या धीराने मला क्वचितच कुणी शिकवलं असेल.

वायरी भिंतीत सरकू नयेत म्हणून त्या पेन्सिलीला गुंडाळणं, काढण्याआधी फोटो घेणं, भिंतीतलं भोक पुट्टीने बुजवणं, हेही तुमचंच. भोकातून येणारा गार वारा थर्मोस्टॅटला फसवतो, हे मला कुठल्याच माहितीपत्रकात दिसलं नव्हतं. सगळं जोडूनही फर्नेस ढिम्म होती, तेव्हा झाकण नीट दाबून बसवायला तुम्हीच सांगितलंत. झाकणामागचा सुरक्षेचा स्विच दाबला गेल्याशिवाय तिला वीज मिळत नाही.

पाऱ्याचा तो थर्मोस्टॅट, कुपीला धक्का न लावता, डब्यात उभाच ठेवून ब्रुकलिन पार्कच्या काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर देऊन आले. कचऱ्यात टाकू नकोस, असं तुम्ही दोनदा बजावलं होतंत.

घर आता रात्रभर एकसारखं ऊबदार राहतं. तुमचा मल्टिमीटर माझ्याकडेच आहे. तो न्यायला याल तेव्हा निवांत या, कारण ह्युमिडिफायरच्या दोन वायरी कुठून कुठे जातात हेही मला तुमच्याकडून समजून घ्यायचंय.

तुमची,
समोरच्या घरातली शेजारीण