होम प्लेटमागे बसणाऱ्या नातवाविषयी, आई-बाबांना

तीर्थरूप आई आणि बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार.

सोनूने इंजिनिअरिंगचा प्रवेश घेतलेला नाही. ऑगस्टपासून तो फ्लोरिडातल्याच एका दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात जाणार आहे. तिथल्या बेसबॉल संघाने त्याला कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू, म्हणून घेतले आहे, निम्म्याहून अधिक फी माफ केली आहे आणि त्या कागदावर आम्ही दोघांनी सह्याही केल्या आहेत. हे पत्र परवानगी मागण्यासाठी नाही, हे तुम्हाला शेवटच्या पानावर कळण्यापेक्षा आधीच कळलेले बरे. फोनवर हे सांगणे मला जमले नसते. बाबा नुसते "बरं" म्हणाले असते, आईने लगेच जेवणाचे विचारले असते, आणि बाबांच्या त्या "बरं"चा अर्थ मला दहावीच्या निकालापासून ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट सांगणे त्याहून अवघड आहे. या उन्हाळ्यात त्याला दादरला येता येणार नाही, कारण कॉलेज सुरू होण्याआधी सरावाचे सामने आहेत आणि नव्या कॅचरने तिथल्या पिचर (चेंडू टाकणाऱ्या) मंडळींचे चेंडू आधीच ओळखीचे करून घ्यावेत, असा प्रशिक्षकांचा आग्रह आहे. बाबांच्या दुसऱ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी येणार आहे, त्यात काही बदल नाही. आजोबांना हात धरून जिना उतरवायचा तो मीच, असे तो म्हणाला होता. ते काम यंदा माझ्याकडे आले आहे, एवढेच.

बाबा, २०१४ साली तुम्ही इथे आला होतात तेव्हा आपण सेंट पीटर्सबर्गला ट्रॉपिकाना फील्डवर सामना पाहिला होता. लोक गायीच्या गळ्यातल्या घंटा वाजवत होते म्हणून आईचे डोके दुखले होते आणि सोनू सगळा वेळ तुमच्या मांडीवर बसला होता. होम प्लेटमागे बसलेल्या त्या जाडजूड, चाळिशीकडे झुकलेल्या खेळाडूकडे बोट दाखवून तुम्ही विचारलेत, "याला पळता येत नाही, मारता येत नाही, मग याला पगार कसला देतात?" थोड्या वेळाने तुम्हीच म्हणालात, "पण हात बघ त्याचे." तो होसे मोलिना. त्या वर्षी त्याची फलंदाजीची सरासरी .१७८ होती, म्हणजे शंभर संधींत धड अठरा फटकेही नाहीत, आणि होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, एकही नाही. तरी तो मोठ्या लीगमध्ये पंधरा हंगाम खेळला. सोनूच्या खोलीत सुपरस्टार मंडळींची चित्रे कधी लागलीच नाहीत. त्याच्या डोक्यात तुमचे ते "हात बघ" राहिले.

त्या हातांचे काम जरा सविस्तर सांगते, कारण माझा सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. होम प्लेट, म्हणजे बॅटरपाशी जमिनीत बसवलेली पाटी, १७ इंच रुंद असते. पिचर साठ फुटांवरून ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने चेंडू टाकतो, आणि कडेला घासून गेलेला चेंडू प्लेटवरून गेला की बाहेरून, हे कॅचरच्या मागे उभ्या असलेल्या अंपायरला क्षणार्धात ठरवावे लागते. कच्चा कॅचर असा चेंडू घेताना मिटसकट, म्हणजे हातातल्या मोज्यासकट, बाहेर ओढला जातो आणि चांगला चेंडूही वाईट दिसतो. मोलिनाचे मनगट चेंडूच्या आधीच तिथे पोहोचलेले असे, आणि चेंडू मिटमध्ये आल्यावर काहीच हलत नसे. आई विचारील, ही फसवणूक नाही का? मला तसे वाटत नाही. हा आपल्या पिचरच्या चेंडूचा मान राखण्याचा प्रकार आहे, असे माझे मत आहे.

पुष्कळ वर्षे हे कौशल्य हिशेबात धरलेच जात नव्हते. २०११ मध्ये माइक फास्ट नावाच्या अभ्यासकाने चेंडूंच्या नोंदी तपासून मांडले, की केवळ अशा झेलण्याने मोलिना १२० सामन्यांमागे सुमारे ३५ धावा वाचवतो. दहा धावा म्हणजे साधारण एक विजय, असे इथले ढोबळ गणित आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत टँपा बेच्या संघाने मोलिनाला करारबद्ध केले आणि पुढे फास्टलाही ह्यूस्टनच्या संघाने नोकरी दिली. त्याच्याही आधी, २००९ मध्ये, न्यूयॉर्क यांकीज्‌कडे होर्हे पोसाडासारखा नावाजलेला फलंदाज कॅचर असताना ए. जे. बर्नेट पिचिंगला असला की मोलिनाला खेळवत, आणि तेही बाद फेरीच्या सामन्यांत. पोसाडाला ते आवडले नव्हते, पण त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोठ्या लीगची अंतिम लढत, यांकीज् जिंकले. गंमत म्हणून सांगते: जुन्या यांकी स्टेडियमवरचा पहिला होमरन १९२३ मध्ये बेब रूथने मारला, आणि २००८ मध्ये तिथल्या शेवटच्या सामन्यातला शेवटचा होमरन मारला तो याच होसे मोलिनाने, ज्याचे कारकिर्दीतले सगळे होमरन मिळून चाळीसही भरत नाहीत.

हे घराणेच तसले आहे. प्वेर्तो रिकोतल्या एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या हौशी खेळाडूचे बेंजी, होसे आणि याडिएर हे तीन मुलगे, तिघेही कॅचर झाले आणि तिघांनाही वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्यांना देतात त्या दोन-दोन अंगठ्या मिळाल्या. धाकट्या याडिएरला तर क्षेत्ररक्षणाची नऊ गोल्ड ग्लोव्ह पारितोषिके मिळाली. होसेच्या नावावर एकही नाही, आणि सोनूला आवडतो तो होसेच.

बाबा, याबाबतीत तुम्ही तरी मला विरोध करू नका. भारताचे जुने यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्या २१ कसोटींतल्या ५१ बळींचा हिशेब मामांना तोंडावर ऐकवणारे तुम्हीच होतात. "सरासरी दहाची" असे मामा म्हणाले की "यष्टीमागे उभे राहायला माणूस घेतात, पाहुणा नव्हे" हे तुमचे उत्तर ठरलेले असे. टाइम्स शील्डमध्ये बँकेकडून तुम्ही स्वतः नवव्या क्रमांकावर फलंदाजीला जात होतात. नातवाने ते घेतले, तर त्याचा दोष माझ्या एकटीच्या माथी का?

आता पैशांचे. मी गोड करून सांगणार नाही. मायनर लीगच्या, म्हणजे मोठ्या लीगखालच्या स्पर्धांच्या, सगळ्यात वरच्या पायरीवरही २०२३ च्या कराराने वर्षाला ३५,८०० डॉलर ठरले. राहण्याची सोय मात्र संघ करतात. वरच्या लीगमध्ये पोहोचले तर २०२६ चे किमान वेतन ७,८०,००० डॉलर आहे, पण पोहोचणारे फार थोडे. बाबांचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतो आहे: हो, पेन्शन आहे. वरच्या लीगमध्ये ४३ दिवस भरले की हक्क लागू होतो. होसेला १९९३ मध्ये निवडल्यावर वर पोहोचायला १९९९ उजाडले, हेही सोनूला माहीत आहे. तो पदवी पूर्ण करणार आहे. ही अट माझी होती आणि ती त्याने हसत मान्य केली.

आणि शरीराचे. आई, हे वाचून रात्री जागत बसू नकोस. पण बाबा फोनवर शोधून काढणारच, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेले बरे. माइक मॅथेनी हा चार गोल्ड ग्लोव्ह मिळवलेला कॅचर डोक्याला वारंवार बसलेल्या माराने २००७ मध्ये निवृत्त झाला. तेव्हापासून पुष्कळ बदलले आहे. हॉकीच्या धर्तीवरचे पूर्ण शिरस्त्राण आता सर्रास वापरतात. २०११ मध्ये बस्टर पोझीचा पाय एका धडकेत मोडला, आणि २०१४ पासून धावत येऊन कॅचरला मुद्दाम धडकण्यास बंदी झाली. गुडघ्यांचे म्हणाल, तर पूर्वीसारखे सारा वेळ उकिडवे बसत नाहीत. बहुतेक जण आता एक गुडघा जमिनीला टेकवून बसतात. त्याने खालचे चेंडूही चांगले घेता येतात. बाबांच्या गुडघ्यांचे एक्स-रे पाहिलेली मी आहे. हे विचारल्याशिवाय मी सही केली असती का?

एक शंका माझ्याही मनात होती. २०२६ पासून मोठ्या लीगमध्ये कडेच्या चेंडूंवरच्या अंपायरच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येते. प्रत्येक संघाला दोन संधी असतात आणि आव्हान बरोबर ठरले तर ती संधी शिल्लक राहते. मग मोलिनासारख्या हातांना किंमत काय राहणार, असे मी सोनूला विचारले. तो म्हणाला, आव्हान फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर देऊ शकतो आणि चेंडू सगळ्यात जवळून पाहतो तो कॅचर. शिवाय संधी दोनच, बाकीचे चेंडू अंपायरच ठरवणार. आणि २०२३ मध्ये बेसच्या गाद्या मोठ्या केल्यापासून, बेसवरच्या धावपटूला रोखण्यासाठी पिचर करतो त्या थ्रोंवरही मर्यादा आल्यापासून, बेस चोरण्याचे, म्हणजे फटका नसताना पळून पुढचा बेस गाठण्याचे, प्रमाण फार वाढले आहे. एका हंगामात २,४८६ वरून ते ३,५०३ वर गेले. होम प्लेटपासून सेकंड बेस १२७ फुटांवर आहे, आणि चेंडू मिटमध्ये आल्यापासून तिथे पोहोचेपर्यंत दोन सेकंदांच्या आत काम झाले पाहिजे. सोनूचे ते काम तेवढ्या वेळात होते. फलंदाजी बेताचीच आहे, हे तो स्वतःच सांगतो, आणि मला त्याचे तेच आवडते.

खाण्यापिण्याची काळजी नको. कॉलेजपासून घर गाडीने दीड तासावर आहे, खोलीत फ्रीज आहे, कुकर मी देणार आहे आणि वरण-भात त्याला माझ्यापेक्षा चांगला येतो. आई, तू शिकवलेली थालीपिठे त्याच्या संघातल्या मुलांनी खाल्ली आहेत आणि मागून घेतली आहेत. तू मेतकूट पाठव, लाडू पाठव, पण माझ्या सामानात मावतील एवढेच.

आता तुमच्याकडे वळते. बाबा, ऑपरेशनच्या आधी मांडीचे व्यायाम रोज करायचे आहेत, फिजिओ येईल त्या दिवशीच नव्हे. खाली बसून पूजा करणे आजपासून बंद. देव चौरंगावर घ्या, देवांची काही हरकत नसेल. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घ्या, त्या कामाचे पैसे मी दादाकडे दिले आहेत, "बघू" म्हणू नका. आई, तुझी रक्तदाबाची गोळी सकाळचीच घ्यायची आहे, आठवेल तेव्हाची नव्हे, आणि पापड-लोणच्याचे मी शेजारच्या काकूंना विचारणार आहे, तुला नाही. मी लहान असताना मला ताप आला की तुम्ही दोघे पाळीपाळीने उशाशी बसत होतात. आता माझी पाळी आली तर आढेवेढे घेऊ नका.

सोनू रविवारी सकाळी, तुमच्या वेळेने, व्हिडिओ कॉल करील. तेव्हा त्याला इंजिनिअरिंगचे विचारू नका. डावीकडच्या खाली पडणाऱ्या चेंडूला मनगट कसे ठेवायचे, हे बाबांना विचारायचे त्याच्या मनात आहे. त्याची तयारी ठेवा.

तुमची,
चिमी