किती केल्विनला, तेही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘कार्बन नॅनोट्यूबमुळे सिलिकॉनची सद्दी संपणार’ अशा धाटणीच्या बातम्या मी आवर्जून वाचतो. पण विद्यापीठांतले संशोधक ज्या अडचणीशी वर्षानुवर्षे झुंजतात, नेमकी तीच बातमीतून गळालेली असते.

नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अणूंच्या जाळीची नळी, जेमतेम एक नॅनोमीटर जाडीची. एकाच नळीचा ट्रान्झिस्टर, म्हणजे वीजप्रवाह चालू-बंद करणारी चिमुकली कळ, नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात १९९८ मध्येच तयार झाला. मग घोडे अडले कुठे? नळ्या तयार होताना साधारण तिनातली एक धातूसारखी निघते. तिच्यातला प्रवाह बंदच करता येत नाही, आणि बंद न होणारा ट्रान्झिस्टर काय कामाचा? स्टॅनफर्डच्या गटाची युक्ती मला फार भावते. त्यांनी सगळे ट्रान्झिस्टर बंद ठेवून जोराचा प्रवाह सोडला. अर्धवाहक, म्हणजे प्रवाह बंद करता येणाऱ्या, नळ्यांनी तो अडवला. धातूसारख्या नळ्या तापून जळून गेल्या. त्यातून १७८ ट्रान्झिस्टरचा संगणक २०१३ मध्ये चालला. २०१९ मध्ये एमआयटीच्या प्रोसेसरने १४ हजारांचा टप्पा ओलांडला. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये ते अब्जावधी असतात, हेही त्याच बातमीत यायला हवे.

अतिवाहकतेच्या, म्हणजे विजेला रोधच न होण्याच्या, बातम्यांत तर तापमानच नसते. पाब्लो हारिलो-हेरेरो आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये डेल्फ्टलाच अतिवाहक धातूच्या दोन टोकांमध्ये नॅनोट्यूब ठेवली आणि तिच्यातून रोधाविना वाहणारा प्रवाह गेटच्या, म्हणजे प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या टोकाच्या, व्होल्टेजने कमीजास्त करून दाखवला. हे घडते निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या, अगदी लगत; तिथून मोजायला लागले तर एका केल्विनच्याही (एका अंशाच्याही) खाली. त्याच हारिलो-हेरेरोंच्या एमआयटीतल्या गटाने २०१८ मध्ये ग्राफीनचे (कार्बनच्या अणूंच्या सपाट जाळीचे) दोन थर एकमेकांवर १.१ अंशाने फिरवून अतिवाहकता मिळवली, तीही १.७ केल्विनला. यातून घरातले वीजबिल उतरणार नाही. पण एकाच अणूइतक्या जाडीच्या कार्बनच्या थरांत, नुसता कोन बदलल्याने, इलेक्ट्रॉन असे वागतात हे कळणे मला वीजबिलापेक्षा मोठे वाटते.

खोलीच्या तापमानाला अतिवाहकता मिळाल्याचे सांगणारे ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातले दोन शोधनिबंध २०२२ आणि २०२३ मध्ये मागे घेतले गेले. असा दावा जितक्या ठळकपणे छापता, तितक्याच ठळकपणे त्याची माघारही छापा. आणि यापुढे अतिवाहकतेच्या प्रत्येक बातमीत ती किती केल्विनला आणि किती दाबाखाली मिळाली, एवढे दोन आकडे तरी द्या, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक